किनवा कडू लागतो, गिचका होतो, पोट बिघडतं: काय काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

आधी तुमचं नक्की काय होतंय ते बघा, कारण "किनवा (म्हणजे क्विनोआ) जमत नाही गं" म्हणून जो फोन येतो त्यात पाच-सहा वेगवेगळ्या तक्रारी एकत्र असतात.

सगळ्यात जास्त येणारी म्हणजे उपमा दिसायला छान, पहिला घासही बरा, आणि मग जिभेच्या मागच्या बाजूला कडवट चव येते, घशात खवखवतं. दुसरी, चिखल. चमच्याने उचलला की गोळाच वर येतो, दाणा दिसतच नाही. तिसरी, वरून शिजल्यासारखा पण चावला की कचकच. चौथी, घरी मोकळा होता पण डबा ऑफिसात उघडला तर तळाला पाणी आणि आंबूस वास. पाचवी, खाल्ल्यावर पोट फुगणं, मुरडा, जुलाब. आणि एक सहावी आहे जी खरं तर बिघाड नाहीच पण लोक बिघाड म्हणूनच सांगतात: "एवढं प्रोटीन म्हणतात मग दोन तासांत परत भूक का लागते?"

मी नाशिकला सकाळच्या नाश्त्याचे डबे देते, मंगळवारी आणि शुक्रवारी किनव्याचा उपमा असतो, तीसेक डबे, म्हणजे दर खेपेला दीड किलोच्या आसपास कच्चा किनवा. (पाकिटावर क्विनोआ लिहिलेलं असतं, दुकानात किनोआ म्हणतात, मूळ उच्चार किनवाच्या जवळचा आहे म्हणून मी तोच लिहितेय.) सुरुवातीला वरच्या सगळ्या तक्रारी माझ्या स्वतःच्या डब्यांना आलेल्या आहेत, आता नणंदेच्या, शेजारणींच्या, गिऱ्हाइकांच्या घरचे निस्तरते. दहातल्या सात-आठ वेळा कारण पहिल्या तीन तपासण्यांतच सापडतं आणि त्यांना पैसा काहीच लागत नाही, म्हणून लगेच महागडं पाकीट आणायला धावू नका.

सगळ्यात आधी डबा उघडून वास घ्या. कडू आणि खवट यात फरक आहे आणि तो इथेच कळतो. किनव्यात तेल असतं, शंभर ग्रॅममध्ये साधारण सहा ग्रॅम, तांदळापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे तो शेंगदाण्यासारखा खवट होऊ शकतो. जुन्या खोबऱ्याच्या वाटीला येतो तसा वास आला तर किती धुवा, कितीही फोडणी घाला, काही उपयोग नाही, टाकून द्या. पाकीट फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात आणि शक्यतो फ्रिजमध्ये ठेवायचं, कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात तर नक्कीच. जाळी धरलीय का तेही तेव्हाच बघून घ्या.

वास चांगला असेल तर चार कच्चे दाणे दाताखाली चावा आणि थुंकून टाका. स्पष्ट कडू लागले तर तुमचा स्वयंपाक चुकलेला नाही, धुणं कमी पडलंय.

आता धुण्याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण सगळा खेळ इथे आहे. २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हापासून बरेच जण किनवाही नाचणी-वरईच्या रांगेत बसवतात आणि वरईसारखाच एकदा पाण्यातून काढून टाकतात पातेल्यात. पण किनवा भरडधान्य नाही, गवताच्या जातीतलाच नाही. तो आपल्या चाकवताच्या वंशातला आहे, राजगिराही त्याच कुळातला. आणि किनव्याच्या दाण्यावर सॅपोनिनचा थर असतो. रिठा पाण्यात चोळला की फेस येतो ना, तो ज्याच्यामुळे येतो तेच हे. पाखरांनी दाणे खाऊ नयेत म्हणून झाडाने केलेली सोय म्हणा. पेरू आणि बोलिव्हियात अँडीजच्या डोंगरात, टिटिकाका सरोवराच्या बाजूला, हे पीक हजारो वर्षांचं आहे आणि तिथे पारंपरिक पद्धतीत दाणे भाजून, दगडी खळग्यात पायाने तुडवून तो थर सोडवतात, मग पाखडतात, मग धुतात, म्हणजे ज्यांच्या घरचं धान्य आहे ते लोक एवढी मेहनत करतात आणि आपण नळाखाली एकदा धरून मोकळे होतो. आता बाजारातला बराचसा किनवा मशीनने घासलेला असतो, पाकिटावर "धुतलेला" असंही लिहिलेलं असतं, पण तुमच्या हातातल्या लॉटची चव मागच्यासारखीच निघेल याची खात्री नाही. सुटा, स्वस्तातला घेतला तर जास्तच काळजी घ्या.

मी कशी धुते ते सांगते. मोठं पातेलं, एक वाटी किनवा, चार वाट्या कोमट पाणी. हात घालून नुसतं ढवळायचं नाही, दोन तळव्यांमध्ये दाणे हलके चोळायचे. पहिलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं आणि वर बारीक पांढरा फेस चढतो, पातेल्याच्या कडेला साबण राहिल्यासारखी कड धरतो. ते ओतून दुसरं, तिसरं. चौथ्या-पाचव्या पाण्यात जोरात हात फिरवला तरी फेस टिकत नाही, चार बुडबुडे येतात आणि फुटून जातात, पाण्यातून तळाचे दाणे स्वच्छ दिसतात. तिथे थांबायचं. मनात शंका असेल तर त्या पाण्याचा एक थेंब जिभेवर ठेवा. "तीन वेळा धुवा", "पाच वेळा धुवा" असले आकडे पाठ करू नका, फेस बघा, कारण एखादा लॉट दोन पाण्यात स्वच्छ होतो आणि एखाद्याला सात लागतात.

सुट्या किनव्यात बारीक वाळू येते. ती निवडून निघत नाही, दाणा आणि खडा एकाच आकाराचे असतात. तांदूळ रोळतो तसा रोळून घ्यायचा, म्हणजे पातेलं तिरकं धरून, पाणी फिरवत, वरचे दाणे पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात जाऊ द्यायचे आणि तळाशी उरलेला शेवटचा चमचाभर बोटाने चाचपून बघायचा. माझ्या आजेसासूबाई ज्वारी-तांदूळ असंच रोळायच्या आणि मला किनव्यासाठी तेच उपयोगी पडलं. काहींची "कचकच" ही कच्चेपणाची नसतेच, वाळूची असते, म्हणून ही तपासणी आधी.

धुतल्यावर निथळणं. हे सोपं वाटतं म्हणून लोक सोडून देतात आणि मग चिखल होतो. मोठ्या भोकांच्या चाळणीतून अर्धा किनवा सिंकमध्ये जातो, बारीक जाळीची स्टीलची गाळणी घ्या, नसेल तर स्वच्छ पंचा किंवा मलमलचा तुकडा. दहा मिनिटं निथळू द्या, गाळणीच्या बुडाला एकदोनदा हाताने थोपटा. नीट न निथळलेल्या एक वाटी किनव्यात सहज पाव वाटी पाणी लपलेलं असतं, आणि पाकिटावरचं "एकास दोन" हे माप कोरड्या दाण्याचं आहे. म्हणजे तुम्ही माप बरोबर घेता आणि तरी पाणी जास्त होतं. माझं माप: एक वाटी धुतलेल्या, निथळलेल्या पांढऱ्या किनव्याला पावणेदोन वाट्या पाणी, झाकण ठेवून, पातेल्यात. खीर करायची असेल किंवा म्हाताऱ्या माणसासाठी मऊ हवा असेल तर सव्वादोन. वाटी तीच हवी दोन्हीला, एवढं बघा, कारण किनवा मोजायला आमटीची वाटी आणि पाणी मोजायला चहाचा कप असला प्रकार मी खूप घरांत बघितलाय.

शिजवताना पाण्याला उकळी आली की दाणे घाला, परत उकळी आली की गॅस एकदम बारीक, झाकण, पंधरा मिनिटं. मध्ये झाकण काढून ढवळायचं नाही, ढवळल्याने दाणे फुटतात आणि चिकटपणा सुटतो. मग गॅस बंद करून झाकण न काढता दहा मिनिटं तसाच राहू द्यायचा. या दहा मिनिटांत कडेचं आणि तळाचं उरलेलं पाणी दाण्यात जिरतं. घाई असते सकाळी, मला माहितीय, पण तळाशी ओला आणि वर सुका असा जो किनवा लोक दाखवतात तो ही दहा मिनिटं न थांबल्यामुळेच बिघडलेला असतो. नंतर काट्याने, डावाने नाही, हलकेच मोकळा करायचा.

शिजला की नाही हे घड्याळावर ठरवू नका, शितावरून भात ओळखतो तसंच आहे. एक दाणा बोटाच्या टोकावर घेऊन उजेडात धरा. कच्चा असेल तर मध्ये खडूसारखा पांढरा ठिपका दिसतो. शिजलेला दाणा जरा पारदर्शक होतो आणि त्याच्या भोवतीचा पांढरा दोरा सुटून शेपटीसारखा बाहेर येतो. तो दाण्याचा अंकुर आहे, अळी नाही. हे मुद्दाम लिहिते कारण एका गिऱ्हाइकाने अख्खा डबा परत पाठवला होता किडे आहेत म्हणून, आणि मी त्यांना कच्चा आणि शिजलेला दाणा शेजारी ठेवून दाखवला तेव्हा पटलं.

ठिपका दिसला तर दोन-तीन चमचे गरम पाणी शिंपडून, झाकून अजून पाच मिनिटं. गार पाणी नको, वाफ मोडते.

लाल आणि काळा किनवा वेगळा. त्याचं साल जाड असतं, वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि पूर्ण शिजला तरी तो दाताला कुरकुरीत लागतोच, तो पांढऱ्यासारखा मऊ होणार नाही. तीन रंगांचं मिक्स पाकीट असेल तर पांढरा शिजेपर्यंत काळा कच्चा आणि काळा शिजेपर्यंत पांढऱ्याचा लगदा, म्हणून रोजच्या उपम्याला साधा पांढराच घ्या, मिक्स कोशिंबिरीला ठेवा.

आता पदार्थ. उपम्याला रवा फोडणीत घालून वर उकळतं पाणी ओततो तसं किनव्याचं केलं तर चिखल व्हायची शक्यता जास्त, कारण टोमॅटो-कांद्याचं पाणी मापात धरलेलं नसतं. मी किनवा आदल्या रात्री शिजवून परातीत पसरते, गार झाला की झाकून फ्रिजमध्ये, आणि सकाळी पोह्यांसारखा: मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची, कांदा, मटार, हळद, मग शिजलेला किनवा, मीठ, चिमूट साखर, दोन मिनिटं झाकण, खाली उतरवून लिंबू आणि कोथिंबीर. गार झालेला दाणा घट्ट असतो, फोडणीत परतताना मोडत नाही. हाच खिचडीतही घालता येतो, फक्त मूगडाळ आधी मऊ शिजवून मग किनवा, दोन्ही एकदम शिजवायला लावले की एक जण तरी बिघडतो.

गोड नाश्त्याला लोक थेट दुधात शिजवतात आणि मग दूध तळाला लागतं तरी दाणा कच्चा. आधी पाण्यात पूर्ण शिजवा, मग दूध, वेलची, आणि गूळ गॅस बंद करून जरा निवल्यावर, नाहीतर दूध फाटतं. पेरूमध्ये सकाळी रस्त्यावर किनव्याचं गरम पेय मिळतं, सफरचंद, दालचिनी, लवंग घालून उकळलेलं, पातळ आणि गोडसर. ते घरी करून बघा, ज्या मुलांना दाणे आवडत नाहीत ती ते पितात.

डोसे-घावन कडू होत असतील तर भिजवलेलं पाणी तुम्ही वाटणात घालताय का ते बघा. सगळं कडू त्या पाण्यात उतरलेलं असतं. ते फेकून ताजं पाणी घ्यायचं.

आणि भाजणी. इथे जो माल वाया जातो तो बघून मला फार वाईट वाटतं. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी थालिपिठाच्या दोन किलो भाजणीत पाव किलो किनवा न धुता भाजून घातला, गिरणीतून दळून आणलं, आणि अख्खं पीठ कडू. त्या म्हणाल्या भाजल्यावर कडूपणा जातो असं वाचलं होतं. भाजून वास छान येतो पण घरच्या कढईत नुसतं भाजून सॅपोनिन पुरेसं निघत नाही, आणि पीठ झाल्यावर धुणार कसं? त्या पिठात आम्ही कांदा, तीळ, ओवा, गूळ सगळं घालून बघितलं, घशाची खवखव गेली नाही. पीठ करायचं असेल तर आधी फेस जाईपर्यंत धुवा, पंच्यावर पातळ पसरून पूर्ण वाळवा, दाणा हातातून खुळखुळ वाजत सुटला पाहिजे, मग मंद आचेवर भाजा आणि मगच दळायला द्या. ओलसर दळला तर पीठ आठवड्यात कुबट होतं.

डब्यात पाणी सुटतंय त्याचं कारण जवळजवळ नेहमी वाफ. गरम गरम भरून झाकण लावलं की वाफेचं पाणी होऊन खाली उतरतं आणि वर लिंबू, काकडी असेल तर तेही पाणी सोडतं. परातीत पसरून कोमट होईपर्यंत थांबा, काकडी-टोमॅटो वेगळ्या डबीत. शिजवलेला किनवा बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, उन्हाळ्यात तर एकच तास, म्हणून दुपारी खायचा असेल तर ऑफिसात पोचल्यावर डबा फ्रिजमध्ये जाऊ दे. फ्रिजमध्ये तीन दिवस मी वापरते, चौथ्या दिवशी नाही. आंबूस वास आला की चव बघत बसू नका.

भुकेचं आता. किनव्यात आवश्यक ती सगळी अमिनो आम्लं (प्रोटीन ज्यांचं बनतं ते घटक) आहेत हे खरं, पण प्रमाण बघा: शंभर ग्रॅम कच्च्या किनव्यात साधारण १४ ग्रॅम प्रोटीन, मूगडाळीत २४ च्या आसपास. आणि आपण कच्चा खात नाही, पाणी पिऊन फुगलेला खातो, तर शिजलेल्या शंभर ग्रॅममध्ये साडेचारच्या आसपास उरतं. म्हणजे वाटीभर नुसत्या किनव्यावर दुपारपर्यंत भागणार नाही. शेंगदाणे, मोड आलेले मूग, पनीर, सोबत दही किंवा उकडलेलं अंडं, असं काहीतरी लागतंच. मी डब्यात मूठभर मोडाचे मूग वाफवून घालायला लागले तेव्हापासून ही तक्रार बंद झाली.

आता थोडं अवघड, कुकर. किनव्याचा फेस आणि बारीक दाणे दोन्ही शिट्टीच्या नळीत अडकतात. न धुतलेला किनवा थेट कुकरात, वर पाणी भरपूर, असं केलं की शिट्टी न होता बाजूने फेस येतो. कुकरच वापरायचा असेल तर भात लावतो तसा आतल्या डब्यात, वाटीला दीड वाटी पाणी, वर ताटली, दोन शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जाऊ द्या. थेट लावलाच तर कुकर अर्ध्याच्या वर कधी भरू नका. फेस आला असेल तर गॅस बंद करा, कुकर पूर्ण गार होऊ द्या, मग शिट्टी काढून नळी उजेडाकडे धरून बघा आरपार दिसतंय का. दाणा अडकला असेल तर पाण्याच्या धारेने, बारीक तारेने निघतो. इथपर्यंत घरी करा. पण सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला असेल, वितळल्यासारखा दिसत असेल, किंवा नळी साफ करून, नवीन रिंग घालूनही शिट्टी येत नसेल तर तिथे थांबा. व्हॉल्व्ह ठोकून बसवणं, दुसऱ्या कंपनीचा घालणं, शिट्टीवर वजन ठेवणं, हे काहीही करायचं नाही. कुकर दुरुस्तीवाल्याकडे किंवा त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या आणि तोपर्यंत पातेल्यात शिजवा, पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे.

पोटाचंही तसंच. पहिल्यांदा खात असाल तर अर्ध्या वाटीपासून सुरू करा, फायबर एकदम वाढला की पोट फुगतं. नीट धुतलेला, नीट शिजलेला, थोडासाच खाल्लेला किनवा दोनदा वेगवेगळ्या दिवशी घेऊनही मुरडा-जुलाब होत असतील तर तिसरा प्रयोग करू नका, बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. मुतखडा झालेला असेल तर सुरू करायच्या आधीच विचारा, किनव्यात ऑक्झलेट असतं, ज्याचे खडे होऊ शकतात. मधुमेह असेल तर किनवा खाल्ला म्हणजे साखर वाढतच नाही असं समजू नका, त्यातही पिष्ट भरपूर आहे, किती खायचा ते डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या आणि गोळ्या मनाने कमी करू नका. गव्हाची अ‍ॅलर्जी किंवा सिलिअ‍ॅक (ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रोटीन, न चालणारा आजार) असेल तर किनव्यात ग्लुटेन नसतं खरं, पण सुट्या मालात आणि गिरणीत गहू मिसळतो, त्यामुळे ग्लुटेन-फ्री लिहिलेलं बंद पाकीटच.

आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: क्वचित कोणाकोणाला किनव्याचीच अ‍ॅलर्जी असते. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, घसा आवळल्यासारखा झाला, धाप लागली, तर कोकम सरबत आणि आवळा सुपारी करत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलला जा, आणि जाताना किनव्याचं पाकीट आणि उरलेला डबा सोबत घ्या, म्हणजे काय खाल्लं होतं ते डॉक्टरांना लगेच दाखवता येईल.